जिराफ राहिला, सिंह गेला

१

जावयानं सासुरवाडीला यावं, चहा घ्यावा, दोन घास जेवावं, सासूच्या तब्येतीची चौकशी करावी आणि आल्या वाटेनं आपल्या घरी जावं. जगातल्या जावयांना एवढंच काम असतं आणि तेवढं ते बरं करतात. पण माईंच्या जावयाला एका जागी बसवत नव्हतं. दिसेल ते नीट लावून ठेवायचा त्याला नाद. लेक-जावयाच्या घराचं रंगकाम निघालं म्हणून दोघं वरच्या खोलीत राहायला आली, आणि आल्या आल्या यानं दारातल्या चपला लावल्या. मग किल्ल्या लावल्या. पुढे माईंचा पाय मुरगळून त्या खाटेवर पडल्या, तसं रान मोकळंच मिळालं. त्यानं सरळ स्वयंपाकघरात शिरून फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावून टाकले.

"डब्यांची कवायत घ्यायचीय का तुम्हाला?" माईंनी पडल्या पडल्या विचारलं होतं.

"माई, डबे तेच आहेत, आतला जिन्नस तोच आहे," जावई हसून म्हणाला. "फक्त क्रम बदललाय."

त्याचं ते 'फक्त' माईंच्या कानात भातातल्या खड्यासारखं लागलं. तरी त्या गप्प बसल्या, कारण जावई, आणि तोही नवा.

माईंचं घर मागे आणि दुकान पुढे. दुकान म्हणजे एक लांबलचक दालन, आणि त्यात नाटकांना भाड्यानं द्यायचे पोशाख. राजाचा झगा, चेटकिणीची टोपी, अस्वल, गाढव, सिंह, जे मागाल ते. एका शिलाई मशीनवर आणि एका फाटक्या पडद्यावर माईंनी हे उभं केलं होतं. शाळा त्यांच्या नशिबी मुळाक्षरं संपेपर्यंतच आली. पाठची भावंडं सांभाळायला घरी बसवलं, तेव्हा पाटीवर ज्ञ गिरवून झाला होता, एवढंच समाधान. म्हणून दुकानही त्यांनी मुळाक्षरांवरच लावलं. दाराशी अ, आणि तिथून सरळ मागच्या खिडकीपर्यंत एकेका अक्षराच्या खुंट्या. अगदी शेवटी ळ, क्ष, ज्ञ. ळ नं सुरू होणारं जगात काही नाही, तरी त्याला खुंटी होती. बसू दे बिचाऱ्याला, माई म्हणत. ज्ञ ची खुंटीही रिकामीच. कोणी विचारलं तर माई सांगत, आमच्याकडे सगळं भाड्यानं मिळतं, ज्ञान सोडून.

त्या दिवशी सकाळी माई खुर्चीत बसून, पाय पालथ्या बादलीवर ठेवून, शेक घेत होत्या. दुपारी नाट्यगृहात शाळेच्या मुलांचं नाटक होतं, आणि त्यासाठी शाळेच्या बाई सामान न्यायला पुढे आल्या होत्या. माईंना पुढचं बोलणं ऐकू येत होतं. मग ते एकदम थांबलं.

दारात लेक येऊन उभी राहिली. दुकान तीच सांभाळायची. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"आई," ती म्हणाली, "सिंह नाहीये."

२

सिंह म्हणजे काही हातरुमाल नव्हे खिशात घालून न्यायला. आणि गेला होता तो एकटा सिंह नव्हता. हत्ती नव्हता, ससा नव्हता, वाघ नव्हता, माकड नव्हतं, पोपट नव्हता. राजाचा झगाही नव्हता. माईंनी लेकीला दारापासून खिडकीपर्यंत पुन्हा चालायला लावलं आणि जे आहे ते मोठ्यानं सांग म्हणून बजावलं. लेक सांगत गेली. अंगरखे आहेत, अस्वल आहे, उंट आहे, कोंबडा, कोल्हा, खार, गाढव, घोडा, चेटकीण, जिराफ. त्यानंतर नुसत्या खुंट्या.

"सगळ्या?"

"सगळ्या. अगदी शेवटी, खिडकीजवळ, क्षितिजाचा पडदा तेवढा आहे."

क्षितिजाचा पडदा म्हणजे दुकानातली सगळ्यात देखणी वस्तू. निळ्या रेशमावर सोनेरी जरीचा सूर्य. तो जागेवर आहे म्हटल्यावर माईंच्या जिवात जीव आला, आणि मागोमाग डोक्यात एक किडा शिरला. पण किड्याला बसायला वेळ मिळाला नाही, कारण जावई धावत आला होता.

त्याचं म्हणणं सरळ होतं. गावोगाव फिरणारी एक नाटक कंपनी हंगामभर दुकानातलं जवळजवळ सगळं घेऊन गेली होती. परवा ते पेट्यांतून परत आलं, काल दुकान बंद होतं. पेट्या उघडून, मोजून, खुंट्यांना लावायचं काम दुकानातल्या म्हाताऱ्या पेटीवाल्यांचं. दालनाच्या मागच्या खिडकीपलीकडे त्यांचीच खोली. रिकामं झालंय ते खिडकीकडचं अर्धं दालन. दुसरी किल्ली त्यांच्याच कमरेला. आता याहून जास्त काय सांगायचं?

"आणि तुमचं ते नवं कॉम्प्युटर काय म्हणतंय?" माईंनी विचारलं.

दुकानाचं जुनं कॉम्प्युटर गिरणीसारखं घरघरायचं. मागच्याच आठवड्यात, माई खाटेवर असताना, जावयानं त्यातली सगळी नोंद उचलून नव्या, बिनआवाजी कॉम्प्युटरवर नेली होती. तो लगबगीनं गेला आणि परत आला. सिंह असं टाकलं की सिंह दिसतो, हत्ती टाकलं की हत्ती दिसतो, तो म्हणाला. नोंदीतली एक ओळ हललेली नाही. म्हणजे वस्तू होत्या आणि कोणीतरी नेल्या.

शाळेच्या बाई दाराशी हातात हात घट्ट धरून उभ्या होत्या. सिंह झालेला मुलगा सकाळपासून काही खात नाहीये, त्या हळूच म्हणाल्या, गर्जना करून करून घसा बसेल म्हणून घरच्यांनी त्याला बोलूही दिलेलं नाही.

"तुम्ही नाट्यगृहावर जा, मुलांना रंगवायला घ्या," माई म्हणाल्या. "माझ्या सामानावाचून आजवर एकही पडदा थांबलेला नाही."

बाई गेल्या. जावयानं आवाज खाली आणला. त्यानं कुलूपवाल्याला बोलावलं होतं. दुपारपर्यंत कुलपं बदलायची आणि पेटीवाल्यांकडून किल्ली काढून घ्यायची, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. लेकीची मान खाली होती, आणि मान खाली गेली की ती नवऱ्याशी सहमत असते, हे माईंना चांगलं माहीत होतं.

पेटीवाले माईंच्या दुकानात आले तेव्हा त्यांचे केस काळे होते. ती किल्ली माईंनी स्वतःच्या हातानं त्यांच्या कमरेला बांधली होती. आज ती काढायची म्हणजे एवढ्या वर्षांचा विश्वास खोटा होता, असं भर दुकानात सांगायचं.

"कुलूपवाल्याला चहा पाजून बसवा," माई म्हणाल्या. "किल्लीला हात लावायचा नाही. आधी मी विचारते. एकेकाला आत पाठवा."

३

पहिले आले मास्तर. मास्तर म्हणजे दुकानाचे शिंपी. कंबर धरून, वाकून, भिंतीचा आधार घेत आले. त्यांचा त्या वाघावर फार जुना राग. त्याची शिवण पाच वेळा उसवली होती, आणि याला एकदा जाळून टाकतो असं ते चारचौघांत म्हणाले होते. माईंनी तेच काढलं.

"जाळायला उचलता तर यायला हवा," मास्तर म्हणाले. "माझी कंबर धरलीय माई. सुई पडली तर ती तिथेच राहते. आज हत्तीत मागचे पाय कोण होणार, ते तेवढं बघा. माझ्याच्यानं होणार नाही."

हत्तीचं असं होतं की त्याचा सांगाडा वेताचा आणि जड. पोरांच्यानं तो उचलायचा नाही. त्यामुळे हत्ती भाड्यानं दिला की आतली माणसंही दुकानाचीच जायची. पुढचे पाय पेटीवाले, मागचे पाय मास्तर.

"हत्तीच नाहीये, पायांचं काय घेऊन बसलात?"

मास्तर कण्हत उठले आणि जाता जाता कुरकुरले. हत्ती जाऊ दे, पण त्या ज्योतीचं वाईट वाटतं म्हणाले. दिव्याची ज्योत झालेल्या पोरीचा केशरी पोशाख. कंपनीनं तो फाडून आणला होता, परवा पेटीतून निघाल्या निघाल्या त्यांनी त्याला नवी तार घातली आणि पेटीवाल्यांच्या हातात दिला. जिराफाशेजारी टांगा म्हणून सांगितलं. आज बघतात तर जिराफ आहे, ज्योत नाही.

"जिराफ आहे?"

"आहे ना. माझ्याकडे बघून हसतोय."

माईंच्या डोक्यातल्या किड्यानं आता पंख हलवले.

दुसऱ्या आल्या धुलाईवाल्या मावशी. त्यांचं बोलणं म्हणजे उघडा नळ. परवा संध्याकाळपासून त्या मागच्या अंगणातच होत्या, काल दिवसभर तिथेच कपडे वाळत घालत होत्या, त्या खिडकीतून मांजरसुद्धा आत-बाहेर झालं नाही असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. पुढच्या दारानं? पुढच्या दारानंही कोणी नाही. परका माणूस म्हणून दिसला नाही.

"आपला माणूस?"

आपली तर सगळीच, मावशी म्हणाल्या. मास्तर आले-गेले. लेक आली-गेली. नाट्यगृहाचा हातगाडीवाला नेहमीसारखा येऊन परक्याची पोती घेऊन गेला, आणि मेल्यानं गाडीचं चाक घालून अंगणातली फरशी फोडली. एवढी जड गाडी आणायचीच कशाला अंगणात? ती फरशी कोण बसवून देणार, ते आधी सांगा.

परक्याची पोती हा दुकानाचा जुना रिवाज. नाटकवाल्यांकडून पेट्या परत आल्या की त्यात हमखास दुसऱ्याचं काहीतरी निघायचं. कोणाचा जोडा, कोणाची दाढी, कोणाचा शेला. आपलं नसेल ते निळ्या पोत्यात भरायचं. संध्याकाळी नाट्यगृहाची हातगाडी येऊन ते घेऊन जायची आणि तिथे रंगमंचाखालच्या खोलीत ठेवायची. ज्याचं असेल तो ओळखून नेई. हे इतकं रोजचं होतं की त्यात कोणाला काही दिसायचंच नाही.

माई फरशीचं बघते म्हणाल्या आणि त्यांनी तिसऱ्याला बोलावलं.

४

पेटीवाले आत आले ते बसलेच नाहीत. एरवी ते पाटावर बसायचे, माईंच्या पायाची चौकशी करायचे, एखादा टोमणा मारायचे आणि एक ऐकून घ्यायचे. आज ताठ उभे, नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

माईंनी विचारलं, सामान कुठे गेलं?

"मला काय विचारता? यादीला विचारा."

परवा पेट्या कोणी उघडल्या?

"मी. यादी हातात घेऊन."

खुंट्यांना कोणी लावलं?

"मी. यादीप्रमाणे."

माईंचा आवाज चढला. अहो, दुकानात सगळे तुम्हाला चोर म्हणायला निघालेत, तो कुलूपवाला बाहेर बसून दुसरा चहा पितोय, आणि तुम्ही पोपटासारखं एकच काय बोलताय?

"पोपटही गेलाय," पेटीवाले म्हणाले.

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते हसू होतं की हुंदका, ते माईंना नीट कळलं नाही. मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली, माईंच्या पायाजवळ, पालथ्या बादलीवर ठेवली, आणि मागे न बघता निघून गेले.

बादलीवर लोखंड वाजलं तेव्हा माईंच्या पायातली कळ थेट छातीपर्यंत आली. लेक दारातून सगळं बघत होती. तिच्यामागून जावयाचा आवाज आला, हळू आणि समजूतदार, आणि म्हणूनच जास्त बोचणारा.

"माई, आता तर त्यांनीच कबूल केल्यासारखं झालं."

५

माई लेकीला म्हणाल्या, मला धरून चुलीपाशी ने, चहा मीच करते. रागाच्या वेळी हाताला काम लागतं.

लेकीनं धरलं. माईंनी आधण ठेवलं आणि नेहमीच्या सवयीनं, न बघता, फडताळात हात घातला. दुसऱ्या फळीवर उजवीकडून पहिला डबा साखरेचा. हात जाणार, चमचा भरणार, चहात पडणार, बघायचं काम नाही. पहिला घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं झालं की लेक घाबरली.

मीठ.

जावई दारात होता. तो चटकन म्हणाला, माई, साखर तिथेच आहे, बाजूला, उंच डब्यात. काही हरवलेलं नाही.

माईंनी कप खाली ठेवला. जावयाकडे बघितलं. मग फडताळाकडे. डबे तेच, आतला जिन्नस तोच. हरवलं काहीच नाही, आणि तरी पोटात मीठ गेलं.

त्या हसायला लागल्या. आधी गालात, मग पोट धरून, मग पायाची कळ विसरून. लेकीला वाटलं, दुःखानं आईचं डोकं फिरलं.

"खुर्ची दालनात न्या," माई म्हणाल्या. "चोर सापडला. किल्ली घेऊ दे मला."

६

खुर्ची दालनाच्या मधोमध ठेवली. मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले, मावशी ओले हात पुसत आल्या, कुलूपवालाही कप घेऊन दारात उभा राहिला, कारण असली मजा त्याला फुकट कुठे मिळणार. पेटीवाल्यांना बोलावलं होतं, पण ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

माई म्हणाल्या, चोराचा स्वभाव असतो. कोणी महाग उचलतो, कोणी हलकं उचलतो, कोणी हाताला लागेल ते उचलतो. जावईबापू म्हणतात, चोर खिडकीतून आला. मग खिडकीत पाय टाकल्या टाकल्या पहिला हाताला लागतो तो क्षितिजाचा पडदा. रेशमी, जरीचा, घडी केली तर काखेत मावेल असा. तो त्यानं सोडला आणि पुढे जाऊन वाताचा हत्ती उचलला?

"वेताचा," मास्तर म्हणाले.

"उचलणाऱ्याला वातच होईल," माई म्हणाल्या.

बरं, दाराकडनं आला म्हणावं, तर अस्वल, उंट, गाढव, एकालाही हात लावलेला नाही. जिराफापर्यंत सगळं जसंच्या तसं, आणि त्याच्या अंगाला लागून असलेली ज्योत गेली. तिथून पुढे झाडून सगळं. माईंनी काठीनं खुंट्या दाखवल्या. बघा नीट. हा चोर वस्तू बघत नाही. हा अक्षरं बघतो. ज च्या मधोमधपर्यंत आपलं, तिथून पुढे गायब.

लेकीच्या डोळ्यात काहीतरी चमकलं. यादीच अर्धी छापली असेल, ती म्हणाली, कागद संपला असेल.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण शेपूट तुटलं तर शेपटाचं टोक आधी जातं. क्ष कुठे येतो? तू शाळा पुरी केलीस, सांग."

शेवटी, लेक म्हणाली. ळ, क्ष, ज्ञ.

"मग अर्ध्या यादीत शेवटचं क्षितिज कसं राहिलं?"

कुलूपवाल्यानं चहाचा घोट आवाज न करता घेतला.

माई पुढे म्हणाल्या, ज्याला मुळाक्षरं येतच नाहीत असा चोर मला समजला असता. ज्याला माझ्यासारखी येतात असाही. पण हा तिसराच आहे. याला सगळी अक्षरं येतात, फक्त यानं ती आपल्या उंचीप्रमाणे लावलीत. याच्या घरी क्ष शेवटी नाही, पुढे कुठेतरी आहे. असा आमच्यात कोण आहे? मास्तर नाहीत, मावशी नाहीत, पेटीवाले तर नाहीतच. नवीन आलेलं एकच. "जावईबापू, तुमच्या त्या मुक्या बाळाला विचारा, सगळं सामान तुझ्या क्रमानं सांग म्हणावं."

जावयानं बटणं दाबली. तो मोठ्यानं वाचू लागला. अंगरखा, अस्वल, उंट, कोंबडा, कोल्हा, क्षितिज...

तो थांबला.

"पुढे?"

"खार," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"क्षितिज कोल्ह्याच्या आणि खारीच्या मध्ये. आता परवा पेटीवाल्यांना काढून दिलीत तशी यादी काढा. काय भरलं होतंत?"

कॉम्प्युटरवर दोन चौकटी होत्या, कुठून आणि कुठपर्यंत. माईंनीच पहिल्या कॉम्प्युटरवाल्याला त्या करायला लावल्या होत्या. थोडंच सामान हवं तर अ ते घ, आणि सगळं हवं तर अ ते ज्ञ. ज्ञ च्या पुढे अक्षर नाही आणि ज्ञ मध्ये सामान नाही, म्हणजे सगळं आलं. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. जावयानं परवाही तेच भरलं होतं, अ ते ज्ञ. आता त्यानं पुन्हा तेच भरलं, आणि यादी पडद्यावर उमटली. शेवटची ओळ जिराफ.

जावयाचा चेहरा कानापासून लाल होत आला. पण एक म्हणायला हवं, गडी लपवाछपवी करणारा नव्हता. तो सगळ्यांच्या देखत बोलला.

"माई, अक्षरं कुठल्या क्रमानं लावायची, हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं. त्याची एक सेटिंग असते. जुन्यावर मराठी क्रम होता. नव्यावर सगळ्या भाषांना सरसकट चालणारा क्रम आला, आणि मी तो बघितलाच नाही. याच्या लेखी क्ष म्हणजे क ला जोडलेला ष, म्हणून तो क च्या घरात. आणि ज्ञ म्हणजे ज ला जोडलेला ञ."

"म्हणजे ज च्या घरात."

"हो. ज्ञ पर्यंत म्हटलं की हा ज मध्येच थांबतो."

"आणि माझी ज्योत?" मास्तरांनी भिंतीला टेकूनच विचारलं.

ज ला जोडलेला य, जावई म्हणाला. ञ आधी येतो, य नंतर. ज्ञ च्या रेषेवर जिराफ अलीकडे राहिला आणि ज्योत पलीकडे गेली. सिंहाचं नाव घेतलं तर तो दिसतो, कारण नोंद आहेच. पण अमुकपासून तमुकपर्यंत वेचून दे म्हटलं, की क्रमावर सगळं आलं. त्यानं डोक्याला हात लावला. "मी फक्त जागा बदलली असं समजत होतो. क्रम बदलला हे मला कळलंच नाही."

"डब्यांच्या वेळी कळलं होतं," माई म्हणाल्या.

पण चूक कळली तरी सिंह कुठे कळला होता? यादीत नसलेला सिंह पाय फुटून चालत तर गेला नव्हता. माईंनी काठी टेकली आणि उंबऱ्याकडे तोंड फिरवलं.

७

"पेटीवाले," त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता. "आत या. तुमच्यावर संशय आला तो आमचा चुकला. आता रुसवा सोडा आणि मला सांगा, यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

पेटीवाले आत आले. मिशीला हात लावला. मग जावयाची हुबेहूब नक्कल करत, बोटानं चष्मा वर सारल्यासारखं करून म्हणाले, "काका, तुमच्या आठवणीवर दुकान चालत नाही. डोकं वापरायचं नाही. यादीत आहे ते आपलं, यादीत नाही ते परकं."

मावशींना हसू फुटलं. जावयानं खरोखरच चष्मा वर सारला होता आणि बोट तसंच राहिलं होतं.

मग पेटीवाल्यांनी सगळं सांगितलं. यादी हातात आली तेव्हाच त्यांना कळलं होतं की काहीतरी बिघडलंय. सांगायला गेले, तर जावई फोनवर होता आणि त्यानं हातानंच यादी, यादी असं खुणावलं. मग म्हटलं, ठीक. सिंहाला विचारलं, बाबा, तू यादीत आहेस का? तो गप्प बसला. घातला निळ्या पोत्यात. हत्ती पोत्यात मावेना, तर त्याचा सांगाडा वेगळा बांधला. संध्याकाळी हातगाडीवाला येऊन सगळं परकं म्हणून घेऊन गेला, आणि त्या ओझ्यानं मावशींची फरशी फुटली.

"म्हणजे माझा सिंह..." लेक म्हणाली.

"नाट्यगृहातच आहे. रंगमंचाखाली. जिथे आज लागणार, तिथेच झोपलाय," पेटीवाले म्हणाले. "पडदा उघडायच्या आत मी काढून देणारच होतो. मी काय पोरांचं नाटक बुडवीन? पण आज सकाळी विचारायला आले ते सरळ चोर म्हणूनच आले. मग माझ्याही अंगात आलं."

माई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हसावं की काठी उगारावी, असा प्रश्न होता. त्यांनी दोन्ही केलं. काठी उगारली, पेटीवाल्यांनी डोकं पुढे केलं, आणि माईंनी त्या डोक्यावर हलकेच टेकवली. या वयात रुसायला लाज वाटायला हवी, पुढच्या वेळी रुसायचं तर माझ्यापाशी येऊन रुसा, मावशींची फरशीही तुम्हीच बसवून द्यायची, असं सगळं एका दमात सांगितलं. मग किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कमरेला बांधली आणि गाठ नेहमीपेक्षा जरा जास्तच घट्ट मारली.

कुलूपवाला म्हणाला, म्हणजे माझं काम नाही. माई म्हणाल्या, आहे, ही खुर्ची उचला.

खुर्चीतल्या माई, पुढे कुलूपवाला, मागे जावई, बाजूला लेक आणि पेटीवाल्यांनी ओढलेली, गाढवापासून क्षितिजाच्या पडद्यापर्यंत लादलेली गाडी, अशी वरात नाट्यगृहाला पोचली. रंगमंचाखालच्या खोलीत निळी पोती उघडली. पहिल्यातून ससा निघाला, दुसऱ्यातून वाघ आणि त्याच्या पोटात गुंडाळलेली ज्योत, आणि तिसऱ्यातून, आयाळीत गवताच्या काड्या अडकलेला सिंह. सकाळपासून गप्प बसवलेल्या त्या पोरानं सिंहाचं डोकं घातलं आणि अशी गर्जना केली की खालच्या खोलीतली धूळ उडाली आणि शाळेच्या बाईंनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. वर प्रेक्षक बसू लागले होते. बाकांची खडखड, पोरांचा कालवा, कोणीतरी बाजाच्या पेटीचे सूर लावून बघत होतं. पडद्याआड क्षितिजाचा निळा रेशमी पडदा वर चढला आणि त्यावरचा सूर्य दिव्यात झळाळला.

जावई कडेला उभा राहून मोबाइलवरून नव्या कॉम्प्युटरची ती सेटिंग बदलत होता. मराठी क्रम लागला, तो म्हणाला, क्ष शेवटी गेला, अ ते ज्ञ म्हटलं की सगळं येतंय, हत्तीसकट. पेटीवाल्यांकडे जाऊन त्यानं हात जोडले, माफी मागितली. पेटीवाले म्हणाले, असू द्या, मला त्या सिंहाला पोत्यात घालताना फार मजा आली.

तेवढ्यात मास्तरांची आठवण झाली. मास्तर कंबर धरून दुकानातच राहिले होते. वेताचा हत्ती रंगमंचाच्या कडेला उभा होता. पुढच्या पायांत पेटीवाले शिरले, त्यांनी सोंड हलवून बघितली. मागचे पाय रिकामे लोंबत होते.

सगळ्यांनी माईंकडे बघितलं. माईंनी जावयाकडे बघितलं. जावयानं आपल्या मागे कोणी आहे का ते बघितलं. नव्हतं कोणी.

"जावईबापू," माई खुर्चीतून म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "तुम्ही वाईट नाही, तुमचं कॉम्प्युटरही वाईट नाही. घरी गेल्यावर माझे डबे माझ्या क्रमानं लावून द्या, मग माझं काही म्हणणं नाही. पण आज हत्तीचे मागचे पाय तुम्ही. आत अंधार असतो, यादी दिसत नाही. पेटीवाल्यांचा पट्टा धरायचा, ते नेतील तिकडे जायचं, आणि डोकं वापरायचं नाही. ते पुढे आहे."